लेदरच्या स्की बुटांची निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा हमखास येतात, हिवाळा सुरू होताना आणि संपताना. मधल्या दिवसांत एकच येतो, तोही घाईघाईत लिहिलेला : "बूट भिजलेत, उद्या सकाळी परत जायचंय, काय करू?" तुमचंही तेच असेल तर थेट प्रश्न ४ वर जा, बाकीचं नंतर वाचा.

१. लेदरचे स्की बूट अजून कोण वापरतं? आता सगळे प्लास्टिकचेच असतात ना?

उतारावरच्या, म्हणजे अल्पाइन स्कीइंगचे बूट १९६० च्या दशकापासून प्लास्टिकचे होत गेले. पण टाच मोकळी ठेवून केलं जाणारं स्कीइंग, म्हणजे बर्फातली लांब पल्ल्याची भटकंती आणि हलकं टेलिमार्क (मोकळ्या टाचेने, गुडघा वाकवून वळणं घेण्याची पद्धत), यांत चामडं टिकून आहे. तिथे प्रत्येक पावलाला बूट चवड्यापाशी वाकावा लागतो आणि त्या कामाला चामड्यासारखं दुसरं काही नाही.

यातले बरेचसे बूट ७५ मिमी नॉर्डिक नॉर्मचे असतात. पुढे बदकाच्या चोचीसारखं चपटं टोक आणि त्याच्या खाली तीन भोकं, अशी त्यांची ओळख. नॉर्वेच्या ब्रोर विथने १९२७ मध्ये काढलेल्या 'रोटेफेला' बाइंडिंगपासून (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा) ही परंपरा आली. त्या शब्दाचा अर्थ उंदराचा सापळा, आणि बाइंडिंग पाहिलं की नाव का पडलं ते कळतं. चोचीऐवजी टोकाला आडवी धातूची दांडी असलेले एनएनएन-बीसी बूटही लेदरमध्ये येतात. चामड्याची निगा दोन्हींची सारखीच.

२. नवे बूट आणलेत. वापरण्याआधी काय करायचं?

आधी पाण्याचा एक थेंब बुटाच्या चवड्यावर सोडून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर कारखान्यातलं फिनिश शाबूत आहे, त्यावर लगेच काही थापू नका. थेंब पसरून खाली गडद डाग उमटला तर एक पातळ हात द्यावा लागेल (प्रश्न ६).

शिवण मात्र नव्या बुटांचीही आधीच बंद करून घ्या (प्रश्न ९). नंतर मेण मुरलं की सीलर नीट धरत नाही.

मग स्कीचेच मोजे घालून रोज तासभर घरात वावरा. बूट पाण्यात बुडवून पायातच वाळवायचा जुना सल्ला अजून फिरतो. बूट पायाचा आकार लवकर घेतो हे खरं, पण आतले थर, टाचेचा कडक भाग आणि सोल्यूशन यांची वाट लागते. ते करू नका.

३. स्की करून आल्यावर रोज काय करायचं? दोन मिनिटांत होईल असं सांगा.

बर्फ दाराबाहेरच झटकायचा, ब्रशने. जिभेच्या घडीत आणि वेल्टच्या, म्हणजे वरचं चामडं तळाला जोडणाऱ्या शिवणीच्या, खाचेत अडकलेलाही काढायचा, कारण चामडं भिजतं ते बर्फावर कमी आणि उबदार खोलीत आल्यावर जास्त. मग नाड्या तळापर्यंत सैल करायच्या, जीभ पुढे ओढायची, इनसोल बाहेर काढायचे. वरून कोरडं फडकं फिरवायचं. रोज मेण लावायची काही गरज नाही.

४. बूट आतपर्यंत चिंब झालेत. उद्यापर्यंत कसे वाळवू?

पहिलं म्हणजे शेगडी, हीटर, रेडिएटर, गाडीचा ब्लोअर यांपासून लांब ठेवा. स्की बूट बर्फावर फारसे मरत नाहीत, ते वाळवताना मरतात.

कारण चामड्यातच आहे. चामडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंची गुंफण. कमावताना त्या तंतूंना स्थैर्य दिलेलं असतं, पण ओल्या अवस्थेत त्यांची उष्णता सोसायची ताकद बरीच कमी होते. झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसतं. क्रोमने कमावलेलं १०० अंशांच्या आसपास तग धरतं. हे आकडे मोठे वाटतात, पण पेटत्या लाकडी शेगडीच्या पत्र्याजवळ बुटाचं टोक सहज तिथवर पोचतं. आकसलेलं चामडं पुन्हा पूर्ववत होत नाही, तेलाने नाही आणि कशानेच नाही. त्याच्या कितीतरी आधी सोलचं सोल्यूशन मऊ पडू लागतं आणि चामड्यातली मूळची स्निग्धता निघून जायला लागते.

मी स्वतः एकदा हे करून बसलो आहे. मुक्कामाच्या खोपटात थकून आलो, बूट शेगडीपासून "हातभर" अंतरावर ठेवले आणि झोपलो. रात्री कोणीतरी दोन ओंडके वाढवले. सकाळी डाव्या बुटाची चोच वर वळलेली, बोटाने ठोकली तर पाटीसारखी वाजत होती. बाइंडिंगमध्ये ती पुन्हा सरळ बसलीच नाही.

तर करायचं असं : इनसोल काढा, बूट उलटा धरून पाणी निथळू द्या. वर्तमानपत्राचे कागद चुरगाळून आत भरा, अगदी बोटांपर्यंत, पण कोंबू नका. कागद अर्ध्या-पाऊण तासात ओला लगदा होतो, तो काढून नवा भरा. पहिल्या दोन-तीन वेळा लवकर बदललात तर निम्मं पाणी तिथेच निघतं. बहुतेक जण एकदाच कागद भरून झोपतात, मग तोच ओला बोळा रात्रभर बुटात ओल धरून बसतो. शेवटचे कागद काढल्यावर बूट आडवे ठेवा, म्हणजे तळालाही हवा लागेल. पंख्याचा गार वारा सोडता आला तर उत्तम. हाताला कोमट लागेल इतपत हवा सोडणारा बूट ड्रायरही चालतो.

सकाळपर्यंत अस्तर कोरडं होईल, जाड चामडं मात्र थोडं ओलसरच राहील. तसे घातले तरी चालतात. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात, आणि मेण-तेलाचा विचार त्यानंतर.

५. डब्यावर लिहिलंय "बूट गरम करून मेण लावा". तुम्ही म्हणता उष्णता नको. खरं काय?

दोन्ही खरं. डब्यावरची सूचना पूर्ण कोरड्या बुटांसाठी आहे आणि वरची सगळी भीती ओल्या बुटांची. कोरडं चामडं थोडा वेळ कोमट झालं तर त्याला काही होत नाही.

मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. म्हणून हेअर ड्रायर मध्यम आचेवर, वीतभर लांबून, सतत हलता ठेवून चामडं कोमट करायचं. कसोटी तुमचाच हात : चामड्यावर तळवा आरामात टेकवता आला पाहिजे. मेण बोटांनी चोळायचं, फडक्याने नव्हे, कारण बोटांच्या उबेनेच निम्मं काम होतं. घड्यांमध्ये आणि टाक्यांच्या भोकांत ते पांढरं साचून राहतं. तिथे ड्रायर पुन्हा फिरवला की बघता बघता पारदर्शक होतं आणि आत उतरतं. ते बघायला मला अजूनही मजा येते. थंड झाल्यावर वर राहिलेलं पुसून टाका.

ओव्हनमध्ये बूट ठेवायचा सल्लाही कुठे कुठे वाचायला मिळतो. मी कधीच ठेवत नाही. ओव्हनचा काटा एक सांगतो, आतल्या पत्र्याजवळचं तापमान दुसरंच असतं.

६. मेण, तेल, क्रीम, स्प्रे : नक्की काय लावू?

स्की बुटाला मऊपणा कमी आणि ताठपणा जास्त हवा असतो, हे धरून चाला. वळण घेताना घोट्याचा जोर बुटाच्या बाजूंमधून स्कीपर्यंत पोचतो. बूट लुळा पडला की स्की ऐकत नाही.

म्हणून नेहमीच्या वापराला मेण. मधमाशीच्या मेणाचा (स्नो-सील याच जातीचं) थर पाणी चांगलं अडवतो आणि चामड्याला फारसं मऊ करत नाही. पाण्यावर आधारलेली मेणं, उदाहरणार्थ निकवॅक्सचं, ओलसर चामड्यावरही लावता येतात. सलग चार-पाच दिवसांच्या सफरीत बूट पुरते वाळतच नाहीत, तेव्हा ही सोय मोठी.

तेलं म्हणजे नीट्सफूट ऑइल, मिंक ऑइल वगैरे. ही खोल शिरतात आणि तंतू सैल करतात. कोरड्या पडलेल्या बुटांना औषध म्हणून ठीक, पण दर महिन्याला दिलीत तर दोन हिवाळ्यांत घोट्यापाशी बूट मोज्यासारखा होईल. जास्त मुरलेलं तेल परत काढताही येत नाही.

पेट्रोलियम जेली आणि इंजिनाची तेलं नकोत, त्यांनी रबर फुगतं. स्प्रे गुळगुळीत चामड्यावर फार टिकत नाहीत, त्यांची जागा खरखरीत चामड्यावर (प्रश्न ८). चकचकीत पॉलिश दिसायला छान, त्यापलीकडे बर्फात उपयोग नाही.

बुटाला आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा पातळ पडदा) असेल तर जड तेल-मेण टाळा आणि पाण्यावर आधारलेलंच वापरा. बाहेरची छिद्रं बुजली की आतली वाफ मेम्ब्रेनमधून निघूनही अडकूनच पडते.

७. किती दिवसांनी लावायचं?

दिवस मोजू नका, थेंबाची परीक्षा घ्या (प्रश्न २). चवड्याची घडी आणि टोक यांवरचा थर सगळ्यात आधी जातो. तेवढ्याच जागी लावलंत तरी चालतं, पूर्ण बूट दर वेळी माखायची गरज नसते. ओला, कणीदार बर्फ कोरड्या भुसभुशीत बर्फापेक्षा थर फार लवकर घासून नेतो.

८. मेण लावल्यावर बूट काळपट झाले. उजळतील का? आणि नुबकला काय लावायचं?

गुळगुळीत चामडं वापरात थोडं उजळतं, पण मूळ रंग परत येत नाही. रंगाची हौस असेल तर आधी जिभेच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर लावून एक रात्र थांबा.

नुबक आणि सुएड म्हणजे लवदार पृष्ठभागाचं चामडं; त्यांची लव मेणाने कायमची बसते. ती राखायची असेल तर त्यांच्यासाठीचा स्प्रे वापरा आणि वाळल्यावर ब्रशने लव उभी करा. खरं सांगायचं तर बर्फात रोज जाणाऱ्या नुबक बुटाला मी मेणच लावतो आणि लवेवर पाणी सोडतो.

उलट्या बाजूचं जाड चामडं म्हणजे वेगळा प्रकार. त्यात दाण्याची, म्हणजे कातडीच्या बाहेरची, मजबूत बाजू आत असते, बाहेरची खरखरीत बाजू ओरखडे सोसते. त्यालाही मेण चालतं, फक्त जास्त पितं.

९. वेल्टची शिवण बंद करायची म्हणजे काय?

नॉर्वेजियन वेल्ट पद्धतीत वरचं चामडं बाहेरच्या बाजूला वळवून तळाशी शिवलेलं असतं, त्यामुळे टाके उघड्यावर दिसतात. बांधणी भक्कम, सोल बदलायला सोपी. पण प्रत्येक टाक्याचं भोक म्हणजे पाण्याची वाट, आणि स्कीची धार त्याच टाक्यांवर घासते.

कोरडी, मेण न लागलेली शिवण स्पिरिटने पुसा. युरेथेनचा सीलर टाक्यांवर बारीक रेघेत सोडा, काडीने भोकांत दाबा आणि एक रात्र वाळू द्या. आधीच मेण लागलं असेल तर सीलर सोडून द्या आणि जुन्या टूथब्रशने तिथे मेणच घासत राहा. एखादा टाका तुटलेला दिसला तर त्याच आठवड्यात शिवून घ्या. एक तुटला की शेजारचे ओघानेच जातात.

१०. बूट वॉटरप्रूफ केले तरी मोजे ओलेच. पाणी येतं कुठून?

बहुतेक वेळा तुमच्या पायातून. चढावर पाय भरपूर घाम सोडतात आणि मेणाने माखलेल्या चामड्यातून तो बाहेर जात नाही. ओळखायचं असं : मोजा सगळीकडून सारखा दमट असेल तर घाम, टोकाला किंवा एका कडेला चिंब असेल तर गळती.

घामावर उपाय म्हणजे दुपारी मोजे बदलणं. थंडी कडक असेल आणि सफर अनेक दिवसांची, तर पातळ मोज्यावर वाफरोधक पिशवीसारखा मोजा घालून त्यावर लोकरी मोजा चढवतात. पाय चिकट होतात खरे, पण घाम बुटात आणि लोकरीत मुरत नाही. गळती असेल तर प्रश्न ९ आणि गेटर (बुटाचं तोंड आणि पोटरी झाकणारं आवरण). बुटाच्या तोंडातून आत गेलेला बर्फ कुठल्याच मेणाने अडत नाही.

११. चोचीची आणि पिनच्या भोकांची काळजी कशी घ्यायची?

बाइंडिंगमध्ये बूट ठेवण्याआधी भोकांतला बर्फ स्की पोलच्या टोकाने उकरून काढा. अर्धवट बसलेल्या पिनवर बूट दाबून खटका लावणं हे भोकं फाटण्याचं पहिलं कारण. डावं-उजवं बाइंडिंग वेगळं असतं, तेही तपासा. खडकाळ वाटेवर हे बूट घालून चालू नका, भोकांच्या कडा झिजतात. भोकं लांबट झाली असतील तर बूट दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून धातूची पट्टी बसवून घेता येते. चोच तळापासून सुटू लागली असेल तर घरगुती गोंदाच्या भरवशावर डोंगरात जाऊ नका.

१२. तंबूत रात्री बूट गोठून दगड होतात. काय करू?

झोपण्याआधी नाड्या पूर्ण सैल करून तोंड जितकं उघडेल तितकं उघडून ठेवा. गोठलेच तर उघडे गोठतील आणि सकाळी पाय तरी आत जाईल. त्याहून बरं म्हणजे ते पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी घेणं. सोबत झोपायला बूट काही चांगले नाहीत, पण दोन-तीन रात्रींत सवय होते. गोठलेला बूट जोर लावून वाकवू नका, घडीत चामडं तडकतं.

१३. स्कीच्या धारेने बुटाला चिरा पडल्या आहेत.

वरवरचा ओरखडा मेणाने भरतो. उठलेली साल कापू नका, खाली सोल्यूशन लावून दाबून बसवा. चीर अर्ध्या जाडीपर्यंत गेली असेल तर वर जाड चामड्याचं किंवा रबराचं ठिगळ हवं. धातूच्या धारेच्या स्की वापरत असाल तर बुटाच्या आतल्या बाजूला असं ठिगळ आधीच लावून घेतलेलं बरं.

१४. बुटावर पांढरा थर आलाय. बुरशी आहे का?

तीन शक्यता असतात. हेअर ड्रायरच्या उबेने थर विरघळून नाहीसा झाला तर ती चामड्यातलीच स्निग्धता वर आलेली आहे. पुसा आणि विसरा. ओल्या फडक्याने गेला पण वाळल्यावर कणीदार रेषा परत उमटली, तर ते मीठ आहे, घामाचं किंवा रस्त्यावर टाकलेलं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, मग साध्या पाण्याने.

आणि लवदार ठिपके, कोंदट वास, पुसूनही आठवड्यात परत, ही बुरशी. बूट उघड्या हवेत नेऊन ब्रशने झाडा. घरात झाडलंत तर बीजाणू कपाटभर होतील. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात अर्धं-अर्धं करून पुसा, आतूनसुद्धा. अल्कोहोलने रंग उतरू शकतो, म्हणून आधी आडोशाच्या जागी करून बघा. प्रश्न ४ सारखे वाळवा, इनसोल सरळ बदला. सगळं झाल्यावर एक हात मेणाचा.

१५. हिवाळा संपला. आठ महिने बूट कसे ठेवू?

स्वच्छ, पूर्ण कोरडे आणि पातळ मेण दिलेले. आत लाकडी साचा किंवा कोरडा कागद, म्हणजे घडी बसून चिरत नाही. नाड्या हलक्या बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, कापडी पिशवी घ्या. उन्हाने तापणारी खोली आणि दमट तळघर दोन्ही टाळा. मध्ये एकदा काढून बघितलेत तर प्रश्न १४ ची वेळ येत नाही.

१६. बूट फारसे वापरलेच नाहीत, तरी सोलचा भुगा झाला. असं कसं?

न वापरल्यानेच असं होतं, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती पूर्ण खरी नाही. काही बुटांच्या मधल्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फेस असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक बांधणी हळूहळू तुटते, याला जलविघटन म्हणतात. वापरा वा ठेवून द्या, ते चालूच असतं. ठेवून दिलेला बूट आतून खिळखिळा झालेला कळतच नाही आणि पहिल्याच दिवशी डोंगरात सोल सुटतो. कोरड्या जागेत ठेवल्याने वेग कमी होतो, थांबत नाही.

हंगामाआधी मधला थर अंगठ्याने दाबून आणि बूट वाकवून बघा. भेगा किंवा चिकटपणा जाणवला तर बाहेर नेऊ नका. वरचं चामडं चांगलं असेल तर नवा सोल बसवणं परवडतं. चामडं किंवा रबर शिवून केलेल्या तळाला हा रोग नाही.

१७. चामडं लाकडासारखं कडक झालंय. वाचेल का?

नुसतं कोरडं पडलं असेल तर वाचेल. ओल्या फडक्याने पुसून किंचित दमट करा, कंडिशनर किंवा नीट्सफूट ऑइल अगदी पातळ लावा आणि दोन दिवस थांबा. मग लागलं तर दुसरा हात. एकाच दिवशी भरपूर ओतलं की प्रश्न ६ मधलं लुळेपण येतं. घडीच्या तळाशी आरपार भेगा दिसत असतील किंवा चामडं उष्णतेने आकसलं असेल तर उपाय नाही.

१८. बूट एका जागी टोचतात. ताणता येतील?

तेवढ्याच जागी, हो. बूट दुरुस्त करणाऱ्याकडे गोळा आणि कडी असलेला चिमटा असतो, त्याने अंगठ्याच्या हाडाजवळची जागा फुगवता येते. लांबी वाढत नाही. आखूड बूट आखूडच राहतो.

१९. आजोबांचे जुने लेदरचे डाउनहिल बूट सापडले. तेल देऊन वापरू का?

वापरू नका. आजची अल्पाइन बाइंडिंग आयएसओ ५३५५ मानकाच्या कडक, ठरावीक मापाच्या सोलसाठी बनलेली असतात. जुना चामडी सोल त्यांत बसल्यासारखा दिसला, तरी पडताना बूट वेळेवर सुटेल याचा भरवसा नाही, आणि त्यात मोडतं ते पायाचं हाड.

ठेवायला मात्र सुंदर वस्तू आहे. दुहेरी नाड्यांचे असतील तर बहुधा बकलच्या आधीच्या घडणीचे. स्वित्झर्लंडच्या हेन्के कंपनीने बकलचे बूट १९५५ मध्ये बाजारात आणले आणि नाड्या हळूहळू मागे पडल्या. बुटांबरोबर लाकडी किंवा धातूची दाबपट्टी सापडली तर टाकू नका. सोल वर वळू नये म्हणून बूट तिच्यात आवळून ठेवत असत.

नुसते ठेवायचे असतील तर तेलही देऊ नका. जुन्या चामड्यावर तेल चिकट होतं, काळं पडतं आणि धूळ धरतं. मऊ ब्रशने झाडा, आत आम्लरहित कागद भरा, थेट ऊन लागू देऊ नका. नाड्या कुजलेल्या असतील तर ओढू नका, आहेत तशाच राहू द्या.